गालाच्या आतली रेघ

आमच्या गावात ज्यांनी विशेष काही केलं नाही त्यांची तैलचित्रं सभागृहाच्या भिंतींवर लागलेली आहेत. त्यांतली तीन मीच काढली आहेत, तेव्हा हे मी अधिकाराने सांगू शकतो. त्यातल्या एका गृहस्थांच्या पगडीला मला नऊ दिवस लागले आणि चेहऱ्याला दोन. डॉक्टरांचं मात्र एकही चित्र नाही. फोटोही नाही. फोटोचा विषय निघाला की ते म्हणत, "बाहेरून काढून काय करणार? बाहेरून सगळे बरेच दिसतात." जवळजवळ पाच वर्षं दर रविवारी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसून चित्रं काढली. पण ती सगळी दुसऱ्यांच्या तोंडांच्या आतली.

डॉक्टर गेले ते साध्या विषमज्वराने, नऊ-दहा दिवसांत. ज्या रोगाचा त्यांनी आयुष्यभर पिच्छा पुरवला त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. स्मशानात दोन भाषणं झाली. दोन्हींत त्यांना 'धन्वंतरी' म्हटलं गेलं. ते ऐकायला ते हवे होते असं मला फार वाटलं. ते वक्त्याच्या तोंडात बघत उभे राहिले असते आणि भाषण संपल्यावर म्हणाले असते, "उजवीकडची दाढ काढून टाका."

तोंडात बघणं ही त्यांची खोड होती. आपण बोलायला लागलो की माणसं आपल्या डोळ्यांकडे बघतात. डॉक्टर ओठांकडे बघत. पहिल्या भेटीत मला वाटलं, हा माणूस बहिरा आहे. गावातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. मी आमच्या शाळेत चित्रकला शिकवत होतो. मधल्या सुट्टीत एक उंच, थोडा वाकलेला, बंद गळ्याच्या कोटातला माणूस चित्रशाळेच्या दारात उभा राहिला. काळ्या छत्रीवर त्याने पांढरं मांजरपाट शिवून घेतलं होतं. आमच्याकडच्या उन्हाला ते शहाणपणाचं होतं, पण दिसायला फार वाईट दिसे.

"झाडाचं पान काढता येतं?" त्यांनी विचारलं. नमस्कार वगैरे काही नाही.

"येतं की."

"कसं?"

"कसं म्हणजे? सुंदर."

"मग उपयोग नाही," असं म्हणून ते वळले. मग दारातून परत आले. "किडलेलं पान?"

"समोर ठेवलंत तर काढीन."

"एकही भोक कमी न करता?"

"मी भोकं कशाला कमी करू?"

"सगळे करतात. रविवारी आठला या, मंगळवार पेठेत. आणि येताना तंबाखू थुंकून या."

मी तंबाखू खातो हे तोवर शाळेत कोणाला ठाऊक नाही अशी माझी समजूत होती. डाव्या बाजूला, खालच्या दाढा आणि गाल यांच्या मधल्या खळग्यात मी चिमूटभर बार सकाळीच बसवत असे. तो वर्गात, गिऱ्हाइकांसमोर, सासुरवाडीत, कुठेच हलत नसे. मला त्याचा थोडा अभिमानही होता.

डॉक्टरांचा दवाखाना मंगळवार पेठेत एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर होता. खाली सुताचे गठ्ठे, वर रोगी. माडीच्या मागच्या खोलीत पूर्वेकडच्या खिडकीशी एक सूक्ष्मदर्शक यंत्र होतं. गावात त्याला 'डॉक्टरांची दुर्बीण' म्हणत. त्याच्या तळाशी आरसा होता, त्यावर सकाळचं ऊन घ्यायचं, ते नळीतून वर यायचं. आठ ते दहा, एवढाच उजेड कामाचा. त्यानंतरच्या आमच्या उन्हात यंत्रच काय, माणूसही काही धड दाखवत नाही.

कातड्याचा तुकडा मेणात बसवून डॉक्टर त्याचे काप काढत, तेही न्हाव्याच्या वस्तऱ्याने. त्यासाठीचं खास यंत्र विलायतेत मिळतं असं ते सांगत, आणि पुढे म्हणत, "पण त्याला आमच्या महादूचा हात नाही." महादू न्हावी दर शनिवारी वस्तरा लावून द्यायला येई आणि आपण नेमकं कशाला हातभार लावतो आहोत हे न विचारण्याची सभ्यता पाळे. मग ते काप रंगवायचे. एक रंग जांभळा, एक गुलाबी. गुलाबी म्हणजे आपल्या लाल शाईचाच सख्खा भाऊ. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

एक डोळा नळीला आणि दुसरा कागदावर ठेवून काढायचं असतं. पहिला महिना माझं डोकं दुखलं. दुसऱ्या महिन्यात जांभळे ठिपके वेगळे दिसू लागले आणि मी उत्साहाने त्यांना छाया दिली. डॉक्टरांनी शांतपणे रबर घेऊन सगळी छाया पुसली.

"मास्तर, पेशी सुधारू नका."

"मी फक्त उठाव देत होतो."

"त्यांना कुणी उठाव दिलेला नाही. जशा बसल्यात तशा बसू द्या. इथं दोघी चिकटल्यात त्या तुम्ही वेगळ्या केल्यात. का?"

"बऱ्या दिसत नव्हत्या."

"त्या बऱ्या नाहीतच! म्हणून तर बाई मेली."

मुंबईच्या कलाशाळेत मला जे शिकवलं गेलं होतं ते त्यांनी असं एकेक रविवार करून माझ्याकडून काढून घेतलं. त्या बदल्यात जे दिलं ते मी पुढे कुठल्याही तैलचित्रात वापरू शकलो नाही. गिऱ्हाइकांना ते चाललं नसतं.

कॅन्सर हा शब्द तेव्हा आमच्याकडे फारसा कोणी म्हणत नसे. गाठ म्हणत, चिघळलेलं म्हणत, किंवा नुसतंच 'तोंडाचं' म्हणत. प्लेग आणि कॉलरा पाहिलेलं गाव. रोग म्हटला की बाहेरून आलेला जंतू, अशी सुशिक्षितांची खात्री होती. अशिक्षितांची खात्री करणीवर होती. डॉक्टर दोघांचीही निराशा करत.

"ह्याचा जंतू कुठला, डॉक्टरसाहेब?" एका वकिलांनी त्यांना माझ्यादेखत विचारलं.

"जंतू नाही. घरचाच माणूस आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्याच गालाची पेशी. काल तुमची होती, आज स्वतःची झाली."

वकील हे वाक्य पुढे बाररूममध्ये स्वतःचं म्हणून सांगत असत.

मला मात्र त्यांनी ते नीट समजावलं. धोतराला काठ असतो, तसा गालाच्या अस्तरालाही एक काठ असतो. खाली, अगदी तळाशी, एक बारीक रेघ. तिच्यावर पेशींची एक ओळ उभी असते. वाढणं, एकीच्या दोन होणं, हे काम फक्त त्या ओळीचं. नवी झालेली पेशी वर सरकते, चपटी होते, शेवटी पापुद्रा होऊन थुंकीबरोबर निघून जाते. रेघेच्या खाली जायचं नाही. गाल चावला गेला तर कडेच्या पेशी भराभरा वाढतात, दोन्ही बाजूंनी येतात, एकमेकींना टेकतात आणि थांबतात.

"ह्या थांबण्याचं मला नवल वाटतं," डॉक्टर म्हणत. "जखम भरते ह्याचं लोकांना कौतुक. भरून झाल्यावर त्या थांबतात कशा, हे कोणी विचारत नाही. त्यांना कोण सांगतं, की बास?"

आणि मग एखादी पेशी ते ऐकेनाशी होते. तीही एका दिवसात बिघडत नाही. पेशीच्या पोटात दोऱ्यांसारखं काहीतरी असतं; एकीच्या दोन होताना त्याची सारखी वाटणी व्हावी लागते. कोणा जर्मन पंडिताचं म्हणणं होतं, की ही वाटणी कुठेतरी चुकते आणि चुकीचा वाटा घेऊन निघालेली पेशी पुढे आपल्या सगळ्या लेकींना तोच चुकीचा वाटा देते. डॉक्टरांनी मला एकदा अशी पेशी दाखवली. दोऱ्यांचे दोन नव्हे तर तीन वाटे चालले होते. मी वाटणीचे पुष्कळ तंटे पाहिले होते, पण एवढा लहान नव्हता पाहिला.

सशांचा प्रकार ह्याच सुमाराचा. जपानात कोणी सशांच्या कानांना महिनोन् महिने डांबर चोळून कॅन्सर उत्पन्न केला होता. त्याआधी इतरांनीही चोळलं होतं, पण ते लवकर कंटाळले, हा कंटाळाच त्यांचा दोष, असं डॉक्टरांचं मत. त्यांनी दोन ससे आणले, रस्त्याच्या कामावरून डब्यात डांबर आणलं आणि गच्चीवर पिंजरा ठेवला. तिसऱ्या दिवशी घरमालक अप्पा जिना चढून वर आले. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि चेहरा पडलेला.

"डॉक्टर, रागावू नका. पर आमच्या घरात मांस चालत न्हाई. शिवा शिवा, तुमास्नी ठाऊक हाय की."

"अप्पा, मी ससे खाणार नाही."

"मग पाळलेत व्हय?" अप्पांचा जीव भांड्यात पडला. "लई गोड जनावर."

"पाळले नाहीत. त्यांना रोग देणार आहे."

अप्पांनी वाकून पिंजऱ्यात पाहिलं. मग म्हणाले, "त्यापेक्षा खाल्लं असतं तर बरं झालं असतं हो."

तरीही अप्पांनी घर सोडायला सांगितलं नाही. उलट रोज सकाळी सशांना लसूणघासाची पेंढी तेच आणून घालू लागले. डॉक्टर संध्याकाळी कानाला डांबर लावत, अप्पा सकाळी खोबरेल लावत. हे डॉक्टरांना सात महिन्यांनी कळलं. तोवर सशांचे कान टकले झाले होते, त्यापलीकडे काही नाही. मला वाटलं, आता इथे मोठं भांडण होणार. डॉक्टर पिंजऱ्यापुढे उकिडवे बसून राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे पण लिहून ठेवलं पाहिजे. रोज कुणीतरी त्या जागेची काळजी घेतली." ससे पुढे अप्पांच्या मळ्यात गेले आणि म्हातारे होऊन मेले.

आरोग्य प्रदर्शनाची गोष्ट गावाला माहीत आहे, पण चुकीची. लोक सांगतात, डॉक्टरांनी भर सभेत रावसाहेबांचा अपमान केला. अपमान वगैरे काही नव्हतं. आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये समारंभ होता. स्वागतगीत झालं, हार झाले, पानसुपारी झाली. अध्यक्ष रावसाहेब खुर्चीत. त्यांच्या गालात विडा, त्यात तंबाखू, आणि त्यामुळे त्यांचं गांभीर्य वाढलेलं. डॉक्टरांना 'मुखरोग' ह्या विषयावर दहा मिनिटं दिली होती. ते उठले, मी रंगवलेला तक्ता एकदा लोकांना दाखवला, त्यांना काही कळलं नाही हे पाहिलं आणि वळून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, जरा आ करता?"

चिटणीस धावत आले. "डॉक्टर, हे काय?"

"उदाहरण. समोर आहे तर तक्ता कशाला?"

रावसाहेबांनी तोंड उघडलं नाही. उघडणं शक्यही नव्हतं, आत विडा होता. समारंभ आभार न मानता संपला. पुढच्याच आठवड्यात पडदे सोडलेला टांगा मंगळवारात आला. डॉक्टरांनी रावसाहेबांना एक सूतवाला आणि एक लेकुरवाळी ह्यांच्यामध्ये बाकावर बसवलं, नंबर आल्यावर आरसा घालून दोन्ही गाल तपासले आणि म्हणाले, "काही नाही. दात घासत जा." एवढी यातायात करून काहीच निघालं नाही ह्याचा रावसाहेबांना जो अपमान वाटला तो खरा.

माझ्या घरी डॉक्टर जेवायला येत तेव्हा हिची आणि त्यांची जुंपे, ती मिश्रीवरून. तव्यावर तंबाखू काळी भाजून तिची पूड दातांना लावायची, ही आमच्याकडच्या बायकांची सकाळ. डॉक्टरांना तिचा वास अंगणातूनच येई.

"वहिनी, तवा भाकरीचा आहे."

"भावजी, तुमच्या दाताला कीड लागली तर माझ्याकडं यायचं न्हाई."

"कीड परवडली."

"तुम्हाला बायको नाही म्हणून तुम्ही लोकांच्या तोंडात बघत हिंडता. असती, तर तिनं तुमचं तोंड बंद केलं असतं."

डॉक्टर हसत. ते फार क्वचित हसत, आणि हसताना तोंडावर हात धरत, जणू त्यांना कोणी तपासेल.

ह्याच एका जेवणानंतर, हात धुताना, त्यांनी माझी हनुवटी धरून मान उन्हाकडे वळवली. डाव्या गालात आरसा फिरवला. "हे पांढरं कधीपासून?"

मला काही ठाऊक नव्हतं. जीभ लावली की तिथे थोडं खरखरीत लागे, एवढंच. दुखत नव्हतं.

"न दुखणाराच पेशंट मला पाहिजे," ते म्हणाले. "मास्तर, मला तुमच्या गालाचा तांदळाएवढा तुकडा द्या."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी त्यांनी परत मागितला. मी म्हटलं परीक्षा आहेत. मग म्हटलं दिवाळी आहे. मग हिचे दिवस भरत आले होते. त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "सगळी माणसं माझ्याकडे शेवटच्या पानावर येतात. गोष्ट कुठं बिघडली ते पान कोणी आणतच नाही." मी भ्यालो होतो, ही साधी गोष्ट होती. ज्यांच्या तुकड्यांची चित्रं मी काढली होती त्यांतलं कोणीही जिवंत नव्हतं.

राजव्वा त्यांतलीच. साखर पेठेतली तेलुगू विणकरीण, घरचा माग, चाळिशीही झाली नसेल. तिला मी एकदाच पाहिलं, बाकावर, पदर तोंडाला लावून. गालात आतून फोड होऊन तो चिघळला होता आणि ती त्याच्यावरच तंबाखू दाबून ठेवत होती.

"तिथंच का ठेवता?" डॉक्टरांनी विचारलं.

"ठिवलं की दुकायचं थांबतंय. मग माग चालवाया येतंय."

"त्यानंच झालंय हे, राजव्वा."

"असंल की," ती म्हणाली. "पर थांबतंय बी त्यानंच."

ती शिमग्याच्या आधी गेली. तिच्या कापाचं चित्र काढायला मला चार रविवार लागले. पेशी रेघ ओलांडून खोल मांसात उतरल्या होत्या, आणि तिथे, काळोखात, गोल गोल होऊन बसल्या होत्या. कांदा आडवा कापल्यावर दिसतो तसे थरावर थर, मध्ये गुलाबी चकाकी. मी डोळा काढला आणि न राहवून म्हणालो, "हे तर मोत्यांसारखं दिसतं."

"पुस्तकातही मोतीच म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "कातडीचा वरचा पापुद्रा बनवायला शिकलेल्या त्या. तेच बनवतायत. धंदा विसरल्या नाहीत, जागा विसरल्या."

त्या दिवशी मी घरी जाताना तंबाखूची चंची सिद्धेश्वराच्या तळ्यात टाकली, आणि पुढच्या रविवारी यंत्रापाशी न बसता समोरच्या रोग्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो. डॉक्टरांनी बधिर करायची सुई टोचली, चिमट्याने गाल धरला आणि तुकडा घेतला. कापसाचा बोळा देऊन म्हणाले, "आठ दिवसांनी चित्र तुम्हीच काढायचं. दुसरा चित्रकार माझ्याकडे नाही."

ते आठ दिवस मी कसे काढले ते सांगत नाही. घरात बाळ आठवड्याचं होतं.

रविवारी माझ्या गालाच्या कापाची काच यंत्राला लावलेली होती. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला ठाऊकच आहे काय बघायचं. रेघ." आणि बाहेर रोग्यांकडे गेले.

मी बघितलं. वरचे थर जाड झाले होते. पेशींच्या ओळी गर्दीतल्यासारख्या एकमेकींवर रेलल्या होत्या. मी डावीकडून रेघ धरून चाललो. रेघ होती. होती. होती. उजवीकडे एका ठिकाणी ती अंधूक झाली, आणि तिथे जांभळ्या पेशींचा एक झुबका खाली झुकला होता. झुकला होता की उतरला होता? आरसा हलवला, ऊन कमीजास्त केलं. मग मी डोळा नळीवरून काढला आणि कागदावर ती रेघ डावीकडून उजवीकडे सलग ओढली. हात अजिबात कापला नाही. माझ्या आयुष्यातल्या उत्तम रेघांपैकी ती एक असावी.

डॉक्टर आले. त्यांनी कागद पाहिला, नळीत पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. रबर तिथेच होतं. त्यांनी ते उचललं नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले.

तोवरच्या दोन-अडीच वर्षांत त्यांनी माझ्या चित्राला 'ठीक' म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी इतका सुटलो, की मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"म्हणजे काही नाही?"

"तो पांढरा पट्टा सगळा काढून टाकू. भोवतालचं थोडं चांगलंही."

"चांगलं कशाला?"

"चांगल्याला आपण चांगलं म्हणतो, एवढंच. बुधवारी शाळेतून रजा घ्या."

बुधवारी त्यांनी मला खिडकीशी बसवून दीड तास कापलं आणि शिवलं. अप्पांनी माझं डोकं मागून धरलं आणि सबंध वेळ 'शिवा शिवा' म्हटलं. पंधरा दिवस मी ताक आणि आमटीचं पाणी ह्यांवर काढले. बोलता येत नव्हतं, त्यामुळे शाळेत माझ्याविषयी आदर वाढला. डॉक्टर रोज संध्याकाळी येऊ लागले. मला वाटलं, टाके सुटेपर्यंत. टाके सुटले तरी येत राहिले. पाऊस असो, गावात सभा असो, दिवे लागायच्या आत पांढरी छत्री अंगणात दिसायची. गाल बघायचे, बोटाने आतून चाचपायचे, जबड्याखाली, मानेवर, कानामागे बोटं फिरवायचे. मग बाळाला मांडीवर घेऊन बसायचे आणि त्याच्याही तोंडात बघायचे.

"अजून दात नाहीत, भावजी," ही म्हणायची.

"म्हणून तर बघतो. एवढं स्वच्छ तोंड गावात दुसरं नाही."

मला ह्या रोजच्या तपासणीचा कंटाळा येऊ लागला होता. हे लिहायला आज लाज वाटते. "मला काही झालेलं नाही ना, मग कशाला येता रोज?" असं मी एकदा चिडून विचारलंही. ते म्हणाले, "मला दुसरं घर नाही म्हणून." हिने डोळ्याला पदर लावला. खोटं बोलणं त्यांना येत नाही अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती.

असं एक वर्ष गेलं. बाळ चालायला लागलं. त्यानंतरच्या एका रविवारी मी माडीवर गेलो तर यंत्राला काच लावलेली होती आणि समोर कोरा कागद. डॉक्टर उभे होते.

"कोणाची?" मी विचारलं. ते कधी नावं सांगत नसत, आणि मी कधी विचारत नसे. त्या दिवशी का विचारलं कोण जाणे.

"तुमची. मागच्या वर्षीची. आता काढा."

मी नळीला डोळा लावला. सकाळचं ऊन अगदी हवं तसं होतं. मी डावीकडून रेघ धरली. होती. होती. उजवीकडे ती अंधूक वगैरे नव्हती. ती तुटलेली होती. एके ठिकाणी नव्हे, दोन ठिकाणी. आणि त्या फटींतून उतरून, रेघेच्या बऱ्याच खाली, जांभळ्या पेशींची तीन बेटं बसली होती. ती मागच्या वर्षीही तिथेच होती. मी त्यांच्यापर्यंत डोळा नेलाच नव्हता.

मी सगळं काढलं. दोन्ही फटी, तिन्ही बेटं. किती वेळ लागला ठाऊक नाही. डॉक्टर सबंध वेळ मागे उभे होते.

"तुम्हाला त्याच दिवशी दिसलं होतं," मी म्हणालो.

"त्याच दिवशी."

"आणि मी ओढलेली रेघ?"

"ती पण."

"मग सांगितलं का नाहीत?"

डॉक्टर खुर्चीत बसले. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या ओठांकडे न बघता डोळ्यांकडे बघत होते. "सांगितलं असतं तरी तेवढंच कापलं असतं. पुढं वर्षभर फक्त वाट बघायची होती. ती दोघांनी कशाला बघायची? घरात बाळंतीण होती. आणि मास्तर, तुम्ही रोज आरसा घेऊन बसला असता. बघायचं काम माझं होतं."

त्यानंतर ते दीड वर्षं होते. रोज येणं कमी करून आठवड्यावर आणलं, पण चुकवलं नाही. शेवटच्या आजारात मी त्यांना बघायला गेलो, तर अंगात ताप असताना त्यांनी बोटाने मला जवळ बोलावलं आणि जबड्याखाली चाचपून पाहिलं. बोटं फार गरम होती.

आता गावात चांगली इस्पितळं झाली आहेत. तिथले डॉक्टर माझ्या नातवंडांच्या वयाचे आहेत आणि फार अदबीने वागतात. "आजोबा, इतकी वर्षं काही झालं नाही, आता काय होणार?" म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. तरी सकाळी ऊन खिडकीत आलं की मी हिचा आरसा घेऊन बसतो. डावा गाल बोटाने ताणतो. आरसा जवळ आणला की त्याची सावली तोंडात पडते. लांब धरला की आतलं काही दिसत नाही. खिडकीकडे तोंड केलं की उजेड मिळतो पण आरसा उन्हाने चमकून डोळे दिपवतो. मी चित्रकार आहे, उजेडाचं मला थोडंफार कळतं. पण हे काही साधत नाही. समोर कोणीतरी बसलेलं असावं लागतं.